कॅमेऱ्याची उंची

खान्देशातल्या लग्नात आता ड्रोन ठरलेलाच. चाळीसगाव असो, पारोळा असो की शिरपूर, वरात निघायच्या आधी डोक्यावर घरघर सुरू होते आणि वऱ्हाडी माना वर करून हात हलवायला लागतात. महिन्या-दोन महिन्यांनी व्हिडिओ घरी येतो. मंडप केवढा होता, गाड्या किती लागल्या होत्या, पंगत कुठवर बसली होती, सगळं त्यात दिसतं. नवरीची आई मात्र दिसत नाही. ती असते तिथंच, रंगीत ठिपक्यांमधला एक ठिपका होऊन. व्हिडिओवाल्यानं खोटं काहीच दाखवलेलं नसतं. त्यानं एक जागा निवडली, आणि त्या जागेवरून लग्नाचा थाट तेवढा दिसला.

सिनेमा अर्थ कसा तयार करतो, हा प्रश्न मला या जागेपासून सुरू होताना दिसतो. कॅमेरा माणसापासून किती लांब आहे, किती उंचीवर आहे, तिथं किती वेळ थांबतो आणि तिथून उठून पुढं कशाकडे जातो. पुस्तकांत याला शॉट, अँगल, टेक, कट अशी नावं आहेत. ती पाठ करायला एक संध्याकाळ पुरते. पण त्या प्रत्येक नावामागं एक निर्णय असतो: समोरच्या माणसाशी आपण कसं वागणार आहोत? तो निर्णय ओळखायला वेळ लागतो, आणि शिकण्यासारखं खरं तर तेच आहे.

हे सगळं पुन्हा डोक्यात घोळायला लागलं ते पुतण्यामुळं. तो आणि त्याचे मित्र मोबाइलवर अहिराणी व्हिडिओ करतात. सासू-सुनेचे, सालदार-मालकाचे विनोदी प्रसंग, आणि ते बघणारेही पुष्कळ आहेत. यंदा कपाशीच्या वेचणीवर काहीतरी मनापासून करायचं त्यांनी ठरवलं. पुतण्या आला आणि म्हणाला, "आप्पा, तुम्ही इतला सिनेमा देखतस, जराखा आमनासंगे बसा ना." मी बसलो. त्या बसण्यातून जे बोलणं झालं, जे करून पाहिलं, ते इथं लिहितो आहे.

अंतराचं गणित त्या पोरांना आधीच येत होतं. लांबून घेतलं की माणूस कुठं आहे ते कळतं, कमरेपासून वर घेतलं की काय करतो आहे ते कळतं, आणि चेहरा भरून घेतला की त्याच्या मनात काय चाललंय ते कळतं. हे कुणीही सांगेल. पुढचा प्रश्न जास्त महत्त्वाचा: चेहरा घ्यायचा तर कोणाचा? स्मिता पाटील यांचं घराणं आमच्या शिरपूरचं, त्यामुळं त्यांच्याविषयी इकडं घरच्या लेकीसारखा जिव्हाळा आहे. मी पोरांना त्यांचा 'उंबरठा' (१९८२) दाखवला आणि म्हटलं, ती बोलते तेव्हा बघू नका, ती ऐकते तेव्हा बघा. बोलणाऱ्यावर कॅमेरा ठेवला की वाक्य कळतं. ऐकणाऱ्यावर ठेवला की ते वाक्य कुठं जाऊन लागलं ते कळतं. पोरांच्या व्हिडिओत नेहमी जो बोलतो तोच पडद्यावर असतो. सासू बोलली की सासू, सून बोलली की सून. सासू बोलत असताना सुनेच्या तोंडावर थांबून बघा, म्हटलं. त्यांनी तसा एक जुना प्रसंग पुन्हा जोडून पाहिला. संवाद तोच, नट तेच, पण विनोदी प्रसंगातलं हसू निम्म्यावर आलं आणि त्या सुनेची दया यायला लागली. पोरं गप्पच झाली. एक शब्द न बदलता प्रसंगाची बाजू बदलली होती.

चौकटीचं दुसरं काम अडवून ठेवण्याचं. यात्रेतल्या तंबूत 'शोले' पाहिलेली आमची पिढी आहे. एकच प्रोजेक्टर, रीळ बदलेपर्यंत अंधार, शिट्ट्या, आणि पुन्हा उजेड. गब्बर पहिल्यांदा येतो तेव्हा त्याचा चेहरा येत नाही. खडकावर चालणारे बूट येतात, हातातला पट्टा दगडावर घासत जाण्याचा आवाज येतो. तंबूतली माणसं त्या बुटांनाच घाबरलेली असायची. चेहरा दिसतो तोवर भीती आपण स्वतःच तयार करून बसलेले असतो. दिग्दर्शकानं आपल्याकडून काम करून घेतलेलं असतं. बघणाऱ्याला असं कामाला लावणं ही मला सिनेमातली सगळ्यात मोठी युक्ती वाटते. ज्या सिनेमात सगळं दाखवून टाकलेलं असतं, तिथं बघणाऱ्याला करण्यासारखं काही उरत नाही.

आता उंचीकडे येतो, कारण शेतात आमचं घोडं अडलं ते तिथं.

दिवाळीनंतरची वेचणी चालू होती. पऱ्हाट्या, म्हणजे कपाशीची झाडं, कमरेच्या वर गेलेल्या, बाया ओळीनं वाकून वेचत होत्या. कमरेला झोळी बांधलेली, दोन्ही हात चालू. फुटलेल्या बोंडाचं टरफल वाळलं की त्याची टोकं काट्यासारखी टोचतात. वेचणाऱ्या बाईच्या नखांच्या कडेला सगळीकडे बारीक चिरा असतात. पोरांनी पहिला शॉट बांधावर उभं राहून घेतला. दिसल्या वाकलेल्या पाठी, पांढऱ्या बोंडांत बुडालेल्या. चित्र सुंदर होतं, पण त्यात बाया बिचाऱ्या झाल्या. वरून खाली पाहिलं की माणूस लहान होतो, हे पुस्तकात वाचलेलं तिथं डोळ्यांसमोर घडलं. मग त्यांनी उलट टोक गाठलं. जमिनीवर झोपून, मोबाइल वर रोखून, स्लो मोशन. आता तीच बाई आभाळाला टेकली, देवीच्या मूर्तीसारखी. पोरांना तो शॉट फार आवडला. मला नाही आवडला. मूर्तीला मजुरी विचारता येत नाही, मूर्तीची कंबर दुखत नाही. बिचारी करणं आणि देवी करणं, दोन्हीत ती बाई आपल्या बरोबरीची राहत नाही.

म्हटलं, तिच्या डोळ्यांच्या उंचीवर या. ऐकायला सोपं वाटतं. पण ती वाकलेली, त्यामुळं मोबाइलवाल्यालाही वाकावं लागलं, आणि ती पुढं सरकेल तसं वाकूनच सरकावं लागलं. थोड्याच वेळात पुतण्याची पाठ बोलायला लागली. त्या उंचीवरून जे दिसलं ते बांधावरून कधीच दिसलं नसतं: दोन्ही बाजूंनी पानं, आभाळ जरासंच, आणि मधोमध एक चेहरा जो सतत काहीतरी ठरवतो आहे. हे बोंड घ्यायचं, हे अजून फुटायचं आहे, याला कीड आहे. लांबून यंत्रासारखं वाटणारं काम जवळून पाहिलं की त्यात सगळा वेळ डोकं चालू असतं.

तिथंच एका मावशींनी काम न थांबवता पुतण्याला विचारलं, "मन्हा हात देखाडशी का मन्हं तोंड?" पोरांनी तोवर हातांचे भरपूर क्लोजअप घेऊन ठेवले होते, चिरा, बोंडं, बांगड्या. पुतण्या म्हणाला, दोन्ही. त्या म्हणाल्या, "हात ते समदाच देखाडतस. तोंड देखाड, मंग लोकेसले समजी कापूस कोन येचस ते."

मी सिनेमाविषयी बरंच वाचलं आहे. क्लोजअप कशाचा घ्यावा यावर इतकं नेमकं वाक्य मला वाचलेलं आठवत नाही. कष्टकऱ्यांच्या हातांचे फोटो कॅलेंडरवर असतात, जाहिरातीत असतात, पुस्तकांच्या मुखपृष्ठांवर असतात. हात कोणाचेही असू शकतात. चेहरा एकाच माणसाचा असतो.

उजेडाबद्दल बोलायचं तर चाळीसगावात राहून केकी मूस यांचं नाव घेतल्याशिवाय पुढं जाता येत नाही. १९१२ साली जन्मलेला हा पारशी छायाचित्रकार रेल्वे स्टेशनजवळच्या आपल्या बंगल्यात कित्येक दशकं जवळजवळ बाहेर न पडता राहिला आणि १९८९ मध्ये तिथंच गेला. त्यांच्या प्रेमाची आणि वाट पाहण्याची गोष्ट सगळे सांगतात. मला त्या गोष्टीपेक्षा त्यांचं टेबल मोठं वाटतं. टेबल टॉप फोटोग्राफी हा त्यांचा हातखंडा. घरातल्या टेबलावर लहान लहान वस्तू मांडायच्या, दिवा कुठं ठेवायचा ते ठरवायचं, आणि कॅमेऱ्यातून पाहिलं की तिथं मोठा मुलूख उभा. घराबाहेर न जाणाऱ्या माणसानं सगळं जग आत बोलावून घेतलं. आज त्यांचं घर संग्रहालय म्हणून जपलेलं आहे. तिथल्या चित्रांपुढं उभं राहिलं की सिनेमाचा एक मोठा धडा मिळतो. पडद्यावर वस्तूचा आकार वस्तूत नसतो. शेजारी काय ठेवलंय, उजेड कोणत्या बाजूनं येतो आणि कडा कुठं कापली आहे, यांवर तो ठरतो. स्टुडिओत काही फूट उंचीची प्रतिकृती उभारून महाल दाखवणारे सिनेमावाले हेच करत आले आहेत.

आमच्याकडचा उजेड मात्र कॅमेऱ्याला कठीण. मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या आसपास असतो, पण कार्तिकातही दुपारचं ऊन डोक्यावरून सरळ पडतं आणि डोळ्यांच्या जागी काळ्या खोबण्या दिसतात. चेहरा दाखवायचा ठरवला आणि चेहऱ्यातले डोळेच जात होते. इथं मला सुव्रत मित्र आठवले. सत्यजित राय यांच्या 'अपराजितो' (१९५६) मध्ये बनारसच्या घराचं अंगण स्टुडिओत उभारलं होतं. आभाळातून अंगणात झिरपणारा मऊ उजेड हवा होता, म्हणून या कॅमेरामननं वर पांढरं कापड ताणलं आणि दिव्यांचा झोत त्यावर मारून परतवला. अशा परतवलेल्या उजेडाला सावली जवळजवळ नसते. आम्ही माझं धुतलेलं धोतर दोन पोरांच्या हातात आडवं धरायला दिलं. खालून ऊन परतलं आणि मावशींच्या पदराखालचे डोळे दिसायला लागले. मोबाइलमधलं कुठलंही फिल्टर हे करू शकलं नसतं, कारण फिल्टर चेहरा उजळवतं आणि त्याच्या सुरकुत्या पुसून टाकतं. धोतरानं सुरकुत्या ठेवल्या.

चौकटीत माणसाच्या मागं काय आहे, हाही एक बोलणारा भाग. 'फँड्री' (२०१३) मध्ये जब्या या पोराच्या घरची माणसं डुक्कर धरून, बांबूला बांधून नेतात तो शॉट कोणी विसरणार नाही. ते शाळेच्या भिंतीजवळून जातात आणि भिंतीवर आंबेडकर, फुले यांच्यासारख्या थोरांची चित्रं रंगवलेली असतात. कोणी त्या भिंतीकडे बोट दाखवत नाही, एकही वाक्य येत नाही. माणसं नुसती समोरून चालत जातात. नागराज मंजुळे यांनी तिथं एक शब्द जरी घातला असता तरी त्याची धार गेली असती. तो शॉट मी अनेकदा पाहिला आहे आणि दर वेळी मान खाली जाते. ज्यांना वाटतं की तंत्र समजलं की भावना मरते, त्यांना मी हाच शॉट सांगतो. भिंत तिथं मुद्दाम आहे हे कळल्यावर मला जास्त लागतं, कमी नाही. कोणीतरी इतका विचार करून हे माझ्यासमोर ठेवलं आहे, ही जाणीव त्यात मिसळते.

कॅमेरा हलवण्याबद्दल थोडक्यातच. मोबाइल हातात आला की पोरांना तो फिरवायचाच असतो. माझं मत एवढंच की कॅमेरा हलायला कारण हवं: कोणीतरी चाललं आहे, किंवा कोणालातरी शोधायचं आहे. साधनांची अडचण मात्र कोणी सांगू नये. गिरणेपलीकडच्या मालेगावात यंत्रमागावर काम करणाऱ्या पोरांनी नासिर शेख यांच्याबरोबर सिनेमे केले, त्यावर फैजा अहमद खान यांचा 'सुपरमेन ऑफ मालेगाव' (२००८) हा माहितीपट आहे. त्यात सायकलवर बसून ट्रॉलीचे शॉट घेतलेले आणि बैलगाडीची क्रेन केलेली दिसते. ज्या माणसांना सिनेमानं कधी आत घेतलं नाही, त्यांनी सिनेमालाच आपल्या गल्लीत आणलं. मला त्या माणसांविषयी अतोनात आदर आहे.

आता कटविषयी, ज्याच्यावर माझा सगळ्यात जास्त जीव आहे आणि ज्याची मला सगळ्यात जास्त भीतीही वाटते.

१९२० च्या आसपास मॉस्कोत लेव कुलेशॉव्ह या दिग्दर्शकानं एक प्रयोग केला. इव्हान मोझुखिन या नटाचा एक निर्विकार चेहरा घेतला आणि तोच तुकडा तीन वेगवेगळ्या चित्रांना जोडला: सूपची थाळी, शवपेटीतली बाई, खेळण्यातल्या अस्वलाशी खेळणारी लहान मुलगी. ती फिल्म आज उपलब्ध नाही. कुलेशॉव्ह यांचे शिष्य पुडोव्हकिन यांनी लिहून ठेवलेल्या वर्णनातून जग तो प्रयोग ओळखतं. बघणाऱ्यांनी नटाची वाहवा केली, म्हणे. भूक काय दाखवली, दुःख काय दाखवलं, माया काय दाखवली! नटानं काहीच दाखवलं नव्हतं. दोन तुकड्यांच्या मधल्या फटीत बघणाऱ्यांनी आपलं मन भरलं होतं.

हे सांगून पोरांना पटेना, म्हणून करून पाहिलं. शेजारचे आबा संध्याकाळी ओट्यावर बसून समोर पाहत होते. त्यांचा थोडा वेळ शॉट घेतला. मग तो तीन ठिकाणी जोडला. एकदा भरीत आणि कळण्याची भाकरी वाढलेलं ताट. एकदा गोठ्यातली रिकामी दावण. एकदा फाट्यावरून निघालेली एसटी. पारावर आलेल्या निरनिराळ्या लोकांना एकेक तुकडा दाखवला. ताट पाहिलेले म्हणाले, आबाले भूक लागनी. दावण पाहिलेल्यांमधला एक म्हातारा हळहळला, "बैल इका वाटस." एसटीवाला तुकडा पाहून एक बाई म्हणाली की नातू शहरात निघून गेलाय, बघा कसे बसलेत. चेहरा एकच. मग आबांना तिन्ही दाखवले. ते म्हणाले, "मी ते चहानी वाट देखी राह्यनू व्हतू."

पोरं खूश झाली. हातात जादू आल्यासारखं त्यांना वाटलं, आणि ते खरंच आहे. पण मला तेव्हापासून एक गोष्ट आतून टोचते आहे. आबांच्या चेहऱ्यावर आम्ही बैल विकल्याचं दुःख चढवलं, ते त्यांनी हसून घेतलं. पण कापसाचा भाव पडतो तेव्हा आमच्याकडे बातमीवाले येतात. एका वर्षी आमच्या गावच्या एका शेतकऱ्याचा चेहरा टीव्हीवर आला, आणि त्याच्या लगेच पुढं भेगाळलेली जमीन आली. ती जमीन आमच्या शिवारातली नव्हती. आमच्याकडे त्या वर्षी पाऊस चांगला झाला होता. प्रश्न भावाचा होता, पाण्याचा नव्हता. त्या माणसानं बाजारातल्या भावाबद्दल जे मुद्देसूद सांगितलं होतं ते कापलं गेलं, आणि त्याचं गप्प राहणं तेवढं दाखवलं. जो माणूस हिशोब मांडत होता तो पडद्यावर आभाळाकडे पाहणारा दुष्काळग्रस्त झाला. एकही चौकट खोटी नव्हती. खोटं होतं ते दोन चौकटींच्या मधे, आणि तिथं कोणी बोट ठेवू शकत नाही. म्हणून मला वाटतं, कटची ताकद शाळेतल्या पोरांना शिकवायला हवी. सिनेमावाले व्हावेत म्हणून नव्हे. दिवसभर जी पोरं मोबाइलवर तुकडे बघतात, त्यांना त्या फटी दिसाव्यात म्हणून.

कट न करण्यातही अर्थ असतो, हे मला खापरावरच्या मांड्यांनी शिकवलं. बाहेरच्या वाचकांसाठी सांगतो. वस्त्रगाळ पिठाची सैल कणीक आपटून आपटून तार येईपर्यंत मळतात, पुरण भरतात, आणि मग पोळपाट-लाटण्याशिवाय, नुसत्या हातांवर, मांडा फिरवत फिरवत मोठा करत नेतात. तळहातावरून मनगटावर, मनगटावरून पार कोपरापर्यंत. पातळ इतका होतो की आतलं पुरण दिसावं. मग तो चुलीवर उपड्या घातलेल्या खापरावर एका झोकात टाकायचा. पऱ्हाट्यांचा जाळ भडकतो आणि विझतो, तोही सांभाळायचा. पोरांनी आधी त्याचा व्हिडिओ केला होता: कणीक, कट, हात, कट, खापर, कट, तयार मांडा, संगीत. प्रत्येक चित्र देखणं. पण ते पाहून कोणालाही वाटेल की कणकेचा मांडा आपोआप होतो. फाटायची भीती त्यातून निघून गेली होती. आंद्रे बाझां हा फ्रेंच समीक्षक म्हणायचा की जिथं एखाद्या घटनेचं मर्म दोन गोष्टी एकाच वेळी समोर असण्यात आहे, तिथं कात्री लावू नये. इथं त्या दोन गोष्टी म्हणजे फाटू शकणारा मांडा आणि तो न फाटू देणारे हात. दुसऱ्यांदा पोरांनी मोबाइल चुलीच्या पलीकडं एका जागी ठेवला आणि काकूंनी कणकेला हात लावला तिथपासून खापरावर टाकेपर्यंत कुठंही थांबवलं नाही. मधे एकदा मांडा एका बाजूनं लोंबला. काकूंनी कोपर वर घेतलं, श्वास धरला, आणि तो सावरला. बघणाऱ्यांनीही श्वास धरला. पहिल्या व्हिडिओत मांडा होता, दुसऱ्यात काकू होत्या.

आवाजाबद्दल माझा पोरांशी खरा वाद झाला. वेचणीच्या चित्रावर त्यांनी बासरी घातली. शेतकरी दिसला की बासरी, विधवा दिसली की सारंगी, ही सवय इतकी मुरली आहे की ती लागते आहे हेही आपल्याला ऐकू येत नाही. बासरी बघणाऱ्याला सांगते की आता वाईट वाटून घ्या. प्रभातचा 'कुंकू' १९३७ सालचा. शांतारामबापूंनी त्यात पार्श्वसंगीतच ठेवलं नाही. जे आवाज त्या घरात असतील तेच. म्हाताऱ्या नवऱ्याच्या घरातल्या घड्याळाची टिकटिक तिथं जे सांगते ते कुठल्याही वाद्यवृंदाला जमलं नसतं. त्याची तरुण बायको नीरा काही भोगत असेल तर ते आपण तिच्याबरोबर त्याच शांततेत बसून ऐकतो.

संगीत नकोच, असं माझं म्हणणं नाही. 'पथेर पांचाली' (१९५५) मध्ये हरिहर परगावाहून येतो, मुलीसाठी, दुर्गेसाठी आणलेली साडी काढून दाखवतो. दुर्गा गेलेली आहे हे त्याला माहीत नाही. साडी हातात घेऊन त्याची बायको सर्वजया कोसळते, तिचं तोंड उघडतं, आणि तिच्या रडण्याचा आवाज येतच नाही. त्या जागी तार शहनाई या वाद्याचा वरचा सूर येतो. रडणं ऐकू आलं असतं तर ती एका बाईची किंकाळी झाली असती, आणि कदाचित आपण कान झाकून घेतले असते. तो सूर कान झाकू देत नाही. संगीत तिथं दुःख वाढवायला आलेलं नाही, आवाजाची जागा घ्यायला आलं आहे. असं कारण असेल तर बासरीही ठेवा, मी म्हटलं. पोरांनी बासरी काढली आणि शेतात जे होतं ते ऐकलं. बोंडातून कापूस सुटतानाचा बारीक टचका, बांगड्या, कोणाच्या तरी कमरेच्या मोबाइलमधलं गाणं, लांबून जाणारी रेल्वे. रेल्वे चौकटीत कुठंच दिसत नाही, पण तिच्या आवाजानं शेताच्या पलीकडं गाव आहे, स्टेशन आहे, मुंबईकडं जाणारी वाट आहे, हे सगळं आत येतं. तो आवाज आम्ही ठेवला.

आता व्हिडिओ जवळजवळ जुळला आहे आणि एकाच ठिकाणी गाडी अडली आहे. संध्याकाळी शेताच्या कडेला वजन होतं. झोळ्या रिकाम्या करून गाठोडी बांधतात, ती काट्याला टांगतात, काटा हलतो आणि थांबतो. किलोवर मजुरी, त्यामुळं दिवसभराचं वाकणं त्या काट्यावर येऊन थांबतं. आमच्याकडे काट्याचा एक शॉट आहे आणि त्या वेळच्या मावशींच्या चेहऱ्याचा एक. दोन्ही चांगले. प्रश्न क्रमाचा.

पुतण्यानं आधी काटा ठेवला, मग चेहरा. ते पाहिलं की वाटतं, एवढंच भरलं, आणि बाई हिरमुसली. लोकांना ते आवडेल याबद्दल मला शंका नाही. मी क्रम उलटा लावायला सांगितला. आधी चेहरा: मान जराशी तिरपी, डोळे बारीक केलेले, कशावर तरी रोखलेले. मग काटा, तिच्या नजरेच्या रेषेत, ती उभी आहे त्या बाजूनं. असं जोडलं की काटा आपण बघत नाही, ती बघते आहे आणि आपण तिच्या डोळ्यांनी बघतो. चेहऱ्यावर हिरमोड दिसत नाही, पारख दिसते. ती आकडा वाचते आहे, गाठोडं जमिनीला टेकत तर नाही ना ते तपासते आहे. तुकडे तेच, पण पहिल्या जोडणीत काटा तिला मोजतो आणि दुसरीत ती काट्याला.

पोरांचं अजून एकमत नाही. एकजण म्हणतो, आप्पा, तुमच्या क्रमात रडू येत नाही. बरोबर आहे, येत नाही. मला ते यायला नको आहे. त्या संध्याकाळी मी तिथं उभा होतो आणि मावशी रडत नव्हत्या. त्यांनी काटेवाल्याला गाठोडं पुन्हा टांगायला लावलं होतं आणि दुसऱ्या खेपेला काटा थोडा पुढं गेला होता. ते पुन्हा टांगणं आमच्याकडे चित्रित झालेलं नाही. पण त्या दोन शॉटच्या मधे ते बसू शकतं, क्रम नीट लागला तर. येत्या बाजाराच्या दिवशी मावशी आमच्या ओट्यावर येणार आहेत. दोन्ही जोडण्या त्यांना दाखवू, आणि कोणती ठेवायची ते त्याच सांगतील.